भरती-ओहोटी आणि मार्च एण्ड

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. बीकॉम झालीय, एका संस्थेत ग्रांट्स ऑफिसरची जागा निघालीय आणि घरात कोणालाच कळत नाहीये की हे काम नक्की काय असतं. "मावशी, तू हेच करतेस ना, म्हणजे अकाउंट्सच ना?" मी पाऊण तास बोलले, एक्सेल, टॅली, ऑडिट, सगळं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की जे सांगायला पाहिजे होतं ते राहूनच गेलं. म्हणून आज रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर लिहायला बसलेय. लांबेल, पण लांबू दे.

मी मूळची डिचोलीची. बीकॉम झाल्यावर खाणीवर ट्रक लावणाऱ्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात लागले, ट्रिपांचा हिशेब, डिझेलची बिलं, ट्रकवाल्यांची पेमेंटं, हेच काम. सप्टेंबर २०१२ मध्ये चवथीच्या तोंडावर सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाची बंदी आली आणि आमच्या भागात घराघरासमोर ट्रक उभे राहिले ते तसेच उभे. ऑफिस अजून दोन महिने उघडं होतं, मग मालकांनीच सांगितलं, बाय, दुसरीकडे बघ. त्यांचाही इलाज नव्हता. २०१३ च्या जूनमध्ये मी पणजीत एका संस्थेत अकाउंट असिस्टंट म्हणून लागले, पगार आधीच्या निम्म्याहून थोडाच जास्त आणि रोज डिचोली-पणजी कदंबाच्या बसने येजा. संस्था मुलांच्या शिकवणीवर्गांपासून खाजन शेतीपर्यंत बरंच काय काय करायची. मला वाटलेलं वर्षभर काढू, खाणी सुरू झाल्या की परत जाऊ. खाणी २०१५ मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या, आणि मी अजून इथेच आहे.

पहिल्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालिकांनी, एक सात पानांचं मंजुरीपत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, हे आधी पाच वेळा वाच, मग टॅली उघड. मी एकदा वाचलं आणि टॅली उघडलं. पाच वेळा का वाचायचं ते कळायला मला पाच वर्षं लागली, ती गोष्ट पुढे सांगते. त्या पत्रात सगळं असतं हो. पैसे कशासाठी, कुठल्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षकाखाली, किती, कधीपर्यंत वापरायचे, एका हेडमधून दुसऱ्यात वळवायचे तर कोणाची परवानगी, मशीन घेतलं तर प्रोजेक्ट संपल्यावर ते कोणाचं, व्याज पडलं तर ते कोणाचं. खाणीच्या ऑफिसात पैसा मालकाचा होता, मालक म्हणाले दे की द्यायचा, विषय संपला. इथे पैसा संस्थेच्या खात्यात असतो पण संस्थेचा नसतो, कामाचा असतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत तो फक्त आपल्याकडे सांभाळायला दिलेला असतो.

गोव्यात ग्रांट हा शब्द लहान मुलाला पण माहीत आहे. भजनी मंडळाला पेटी-पखवाजाला ग्रांट, नाटकाला ग्रांट, शाळेला ग्रांट. आणि ग्रांट आली म्हणजे मिळाली, आपली झाली, असंच सगळे धरून चालतात. आपल्या मराठीतला अनुदान हा शब्द मला त्यासाठी फार आवडतो. दान दिलं की देणाऱ्याने विसरायचं असतं, पण अनुदानात त्या दानाच्या मागोमाग काहीतरी येतं, हिशेब येतो, अहवाल येतो, प्रश्न येतात, आणि ते सगळं जिच्या टेबलावर येतं ती मी.

तर ती पाच वर्षांनंतरची गोष्ट. २०१८ साल. सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आतल्या गावांमध्ये आमचे संध्याकाळचे शिकवणीवर्ग चालायचे, केंद्र सरकारच्या एका योजनेतून पैसे यायचे, नऊ शिक्षिका होत्या, महिन्याला पाच हजार मानधन. वर्ष संपलं की यूसी पाठवायचं, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले असं लिहून सही करायची. जुना फॉर्म १९-ए होता, केंद्राचे नवे आर्थिक नियम, म्हणजे जीएफआर २०१७, आल्यावर तो १२-ए झाला. मी नवा फॉर्म डाउनलोड केला, रकाने भरले, आणि बँकेत पडलेलं व्याज दरवर्षीसारखं शिलकीत मिळवून दाखवलं, कारण आधी आमचं तसंच चालायचं, व्याज पुढच्या हप्त्यात वळतं व्हायचं. नव्या नियमात, २३० व्या नियमात, स्पष्ट लिहिलंय की ग्रांटवरचं व्याज हिशेब पक्के झाले की लगेच सरकारजमा करायचं, कन्सॉलिडेटेड फंडात. नव्या मंजुरीपत्रातही ते होतं, पाचव्या पानावर. मी ते पत्र गेल्या वर्षीसारखंच असणार म्हणून चाळलं होतं, वाचलं नव्हतं.

व्याज होतं सहा हजार दोनशे चौदा रुपये. यूसी परत आलं, खुलासा मागितला, आम्ही भारतकोशवर, सरकारच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर, पैसे भरले, चलन जोडून पाठवलं, मधे तिथली टेबलावरची व्यक्ती बदलली, परत सगळं पाठवा म्हणाले, परत पाठवलं. जूनमध्ये यायचा हप्ता नोव्हेंबरात आला. पाच महिने नऊ बायकांना मानधन नाही. संस्थेकडे स्वतःची शिल्लक इतकी नव्हती की आम्ही तेवढे मधल्या काळात देऊ, थोडे थोडे दिले, सणाला दोन-दोन हजार.

ऑक्टोबरात मी मॅडमना म्हटलं मी स्वतः जाऊन सांगते. फोनवर सांगायला बरं वाटेना. एका बाईंच्या घरी गेले, त्या सगळ्यात जुन्या, नवरा खाणीवरच होता आणि तेव्हा घरीच बसलेला. त्यांनी चहा केला, काजूगर घातलेली उसळ ठेवली पुढ्यात, आणि मी सांगायला लागले की कागदात चूक झाली आणि ती माझ्याकडून झाली. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, फळीवरून कोपऱ्यावरच्या दुकानाची उधारीची वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. रागाने नव्हे, खरंच फक्त दाखवायला, की हे असं चाललंय. तांदूळ, तेल, साबण, मुलाच्या वह्या, प्रत्येक ओळीपुढे तारीख. जूनपासून एकही ओळ खोडलेली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "व्याज किती होतं म्हणालात?" मी आकडा सांगितला. त्यांचं एकटीचं थकलेलं त्याच्या जवळजवळ चौपट होतं. एक महिनासुद्धा वर्ग बंद ठेवला नव्हता त्यांनी.

ती वही मला आजही दिसते. त्या दिवसानंतर मी एक गोष्ट सुरू केली जी आजपर्यंत मोडलेली नाही. नवं मंजुरीपत्र किंवा करार आला की त्याचा एका पानाचा तक्ता करायचा, अट काय, कोणी पाळायची, कधीपर्यंत, नाही पाळली तर काय होईल, आणि मग फील्डवरच्या सगळ्यांना बसवून तो तोंडाने वाचून दाखवायचा, कोंकणीत, मराठीत, जिथे जे चालतं त्यात. ईमेल करून चालत नाही. माणसं ईमेल उघडत नाहीत, पण समोर बसवलं की प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांतच कळतं की काय चुकणार आहे.

आता रोजचं काम काय ते सांगते, तिने तेच विचारलं होतं. एकाच वेळी सात-आठ ग्रांटी चालू असतात आणि प्रत्येकीचं वर्ष वेगळं, फॉर्म वेगळा, भाषा वेगळी. सरकारी असेल तर पीएफएमएस, म्हणजे सरकारी पैशाचा माग ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था, आता बऱ्याच योजनांत पैसा खात्यात आधी येतच नाही, खर्च होईल तसा वर मंजूर होऊन सुटतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी द्यायचा पैसा, असेल तर संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन, परदेशी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, साधे देणगीदार असतील तर ८०जी ची करसवलत, मे अखेरपर्यंत देणग्यांचं विवरण, १०बीडी, भरायचं आणि त्यांना १०बीई चं प्रमाणपत्र द्यायचं. एक जीप तीन प्रोजेक्टना धावते तर डिझेल तिघांत कसं वाटायचं, एक कार्यकर्ती सोमवार-मंगळवार एका कामावर आणि बाकी दिवस दुसऱ्या कामावर असेल तर तिचा पगार कसा दाखवायचा आणि त्याला टाइमशीट कुठे आहे. प्रत्येक व्हाउचरवर त्या त्या प्रोजेक्टचा शिक्का मारायचाच, म्हणजे तेच बिल चुकूनही दुसरीकडे लागत नाही. ट्रस्टने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलेलं इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून धरत नाहीत, हे फील्डवरच्या पोरांना वर्षातून चार वेळा सांगावं लागतं. आणि पेट्रोल पंपाच्या त्या पातळ पावत्या, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची, कारण आपल्याकडच्या दमट हवेत सहा महिन्यांत अक्षरं उडतात आणि ऑडिटरसमोर नुसता पांढरा कागद राहतो. पावसाळ्यात कपाटात कापूर ठेवते मी फाइलींसाठी, बुरशी आणि वाळवी दोघींशी सामना असतो.

कोटेशनबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण तिथे चांगली माणसं फसतात. नियम म्हणतो तीन कोटेशनं घ्या. गावात बांबू देणारा एकच, मातीकाम येणारा मुकादम एकच. मग काय होतं, तो एकच माणूस तीन लेटरहेड आणून देतो, एक स्वतःचं, दोन भावोजीची, आणि सगळ्यांना वाटतं नियम पाळला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्यांनी केलं त्यांनी एक रुपया खाल्लेला नव्हता, काम उत्तम झालं होतं, पण कागद खोटा होता, आणि ऑडिटला खोटा कागद सापडला की मग खऱ्या कामावरचा पण विश्वास जातो. त्यापेक्षा खरेदीच्या आधी एक पान नोट लिहा, की या परिसरात पुरवठादार एकच आहे, आम्ही अमुक अमुक ठिकाणी चौकशी केली, मागच्या वर्षीचा दर हा होता, म्हणून याच्याकडून घेतोय, आणि त्यावर समितीच्या सह्या. खरेदीच्या आधी खरंच लिहिलेली नोट, मागाहून जुनी तारीख घातलेली नव्हे. बहुतेक फंडर ती मान्य करतात, मी तरी अजून कोणी नाकारलेली पाहिली नाही.

एफसीआरएचं वर्ष तर कोणीच विसरणार नाही या क्षेत्रातलं. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा बदलला. परदेशी पैसा घ्यायचा तर प्रत्येक संस्थेने खातं दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडायचं, मग तुम्ही काणकोणात असा नाहीतर कुठेही. ऑफिसखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं पूर्ण बंद. खात्याची मुदत आधी ३१ मार्च २०२१ होती, मग ३० जून झाली. गोव्यात त्या वर्षीचा मे महिना कसा गेला ते वेगळं सांगायला नको, रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून फोन, त्यात १६ मे ला तौक्ते वादळ आलं, आमच्याकडे वीज गेली ती तीन दिवस, आणि मी मोबाईलच्या उरलेल्या चार्जवर पदाधिकाऱ्यांचे आधार आणि ठरावाची स्कॅन पाठवत होते. खातं झालं वेळेत. पण आमच्यामार्फत ज्या दोन छोट्या गटांना पैसे जायचे, शिवणकाम आणि मसाल्यांचं काम करणाऱ्या बायकांचे गट, त्यांना ते द्यायचे बंद झाले. त्यांच्याकडे स्वतःचं रजिस्ट्रेशन नव्हतं आणि ते मिळवायला लागणारा कागद, वेळ, सीए, काहीच नव्हतं. हिशेबावर लक्ष पाहिजे हे मला मान्य आहे, मी स्वतः तेच काम करते, पण त्या गटांच्या वह्या मी तपासल्या होत्या, माझ्या वहीइतक्याच नीट होत्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वीस टक्क्यांचं मात्र एक समजून घ्या, कारण खूप जण घाबरून सगळेच पगार त्यात धरतात. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेचा पगार, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार, संशोधन किंवा प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेत फील्डवर माहिती गोळा करणाऱ्याचा पगार, हा ऑफिसखर्चात येत नाही, नियमांतच तसं दिलंय. माझा पगार येतो. तो द्यायला कोणालाच आवडत नाही. माणसांना मुलांच्या वह्यांना पैसे द्यावेसे वाटतात, त्या वह्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला नाही. पण सत्तरीत पाच महिने मानधन थांबलं तेव्हा आमच्या ऑफिसात आठ ग्रांटींना मिळून मी एकटीच होते, दुसरं माणूस ठेवायला कुठल्याच बजेटात जागा नव्हती. चूक माझीच, पण अजून दोन डोळे असते तर ते पाचवं पान कोणीतरी वाचलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते.

२०२२. चोडणच्या बाजूला एका खाजनाच्या बांधाला भगदाड पडलं होतं. ज्यांनी खाजन बघितलं नाही त्यांच्यासाठी, गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन आहे, नदीच्या खाऱ्या पाण्यापासून मातीचे बांध घालून मिळवलेली, शेकडो वर्षांपूर्वी. बांधात मानस असते, लाकडी दारांची. ओहोटीला आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात. आत कोरगुट भात होतं, थोडं खारं सोसणारं. पण बांध फुटला की भरतीचं पाणी सरळ शेतात, आणि एकदा मीठ बसलं की ते धुऊन काढायला पावसाळे जातात.

एका कंपनीच्या सीएसआरमधून साडेनऊ लाख मंजूर झाले. प्रपोजल आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्रोग्रामच्या मंडळींनी लिहिलं, फार छान लिहिलं, मला बजेट दाखवलं ते पाठवायच्या आदल्या संध्याकाळी, बेरीज बघ म्हणून. मी बेरीज बघितली. करारावर सह्या फेब्रुवारीत झाल्या आणि पैसे आले ९ मार्चला. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यांना त्या वर्षातच पूर्ण खर्च दाखवायचा होता.

बांधाचं काम असं होत नाही. चिखल नदीतून काढायचा, थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग वर दुसरा थर, खालून चिरे आणि बांबू. आणि भगदाड बुजवायचं ते भांगाच्या दिवसांतच, अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती कमी चढते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ताजा चिखल वाहून जातो. बांधावरचे काका, सत्तरी ओलांडलेले, त्यांच्या वडिलांनी तोच बांध बांधलेला, मी त्यांना विचारायला गेले की काका, एकतीस तारखेपर्यंत किती होईल. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून तिथ्या मोजल्या आणि म्हणाले, एक भांग मिळेल तुला. मी परत परत विचारलं तेव्हा म्हणाले, "बाये, उदक तुज्या मार्चाक रावना." म्हणजे पाणी तुझ्या मार्चसाठी थांबत नाही.

३१ मार्चला खर्च होता एक लाख बहात्तर हजार. कंपनीतून फोन आला, की पूर्ण साडेनऊचं यूसी द्या, मुकादमाला उरलेली रक्कम ॲडव्हान्स दिलीत असं दाखवा, काम एप्रिल-मेमध्ये करा, आमची काही हरकत नाही. नाहीतर उरलेले परत पाठवा. बोलणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावर त्याचं वर्ष होतं. पण ॲडव्हान्स म्हणजे खर्च नव्हे, आणि २०२१ पासून नियमच असा आहे की कंपनीने संस्थेला पैसे दिले एवढ्याने ते खर्च झाले असं होत नाही, ते कामाला लागले पाहिजेत आणि त्यांच्या सीएफओने, म्हणजे वित्तप्रमुखाने, तसं लिहून द्यायचं असतं. माझी सही खोटी म्हणजे त्यांचीही खोटी. मी नाही म्हटलं. मॅडम माझ्यामागे उभ्या राहिल्या, त्यांनी एकदाही असं म्हटलं नाही की कर ना एवढं. आम्ही सात लाख अठ्ठ्याहत्तर हजार परत पाठवले.

त्या पावसाळ्यात ते भगदाड तसंच राहिलं. शेतात पाणी शिरलं आणि त्या खाजनात भात झालं नाही. मी सही केली असती तर एप्रिल-मेमध्ये काम झालं असतं आणि भात झालं असतं, हे मला माहीत आहे, शेतकऱ्यांना माहीत आहे, काकांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये मी तिथे गेले तेव्हा जिथे हिरवं असायला हवं तिथे पाण्यावर नुसते बगळे. काका मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी थांब चहा घे असंही म्हणाले नाहीत, आणि ते मला लागलं.

आज परत तशी वेळ आली तरी मी सही करणार नाही. पण त्याने मला झोप लागली असं नाही. महिनोन्‌महिने विचार करून माझ्या ध्यानात आलं की चूक मार्चमध्ये झालीच नव्हती. ऑक्टोबरात झाली होती, मी नुसती बेरीज तपासून बजेट परत दिलं तेव्हा. कंपनी कायद्यात ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून सोय आहे. काम एका वर्षात संपणारं नसेल तर कंपनीच्या बोर्डाने ते आधीच तसं ठरवायचं, मग ३१ मार्चला उरलेले पैसे ३० एप्रिलच्या आत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकायचे, आणि पुढच्या तीन वर्षांत ते त्याच कामाला वापरता येतात. कोणाला खोटं लिहावं लागत नाही, कोणाला परत पाठवावं लागत नाही. प्रपोजलमध्ये एक परिच्छेद जास्त लागला असता. मला तो परिच्छेद माहीत होता, पण काकांची तिथी माहीत नव्हती. प्रोग्रामच्या मंडळींना तिथी माहीत होती, त्यांना परिच्छेद माहीत नव्हता. आणि आम्ही एकाच ऑफिसात, मधे एक फळी.

म्हणून तुला, माझ्या बाय, हे सांगायचं राहिलं होतं. ग्रांट्स ऑफिसर म्हणून लागलीस की तुला शेवटी बोलावतील, व्हाउचरं गोळा करायला, यूसी करायला, ऑडिटच्या आधी. तू पहिल्याच महिन्यात सांग की मला सुरुवातीला बोलवा, प्रपोजलचं पहिलं वाक्य लिहिताना मी खोलीत हवी. थोडे दिवस लोक नाराज होतील, कारण ही आली की प्रश्न विचारते. विचार तू. काम कुठल्या महिन्यात होतं, पावसात काय होतं, मजूर कुठून येतात, त्यांची बँक खाती आहेत का. आणि फील्डवर जा. महिन्यातून दोन दिवस तरी. तुझ्या एक्सेलच्या एका ओळीत कोणाचे हात आहेत ते बघून ये.

शिक्षणाचं विचारलंस तर बीकॉम पुरतं सुरुवातीला. माझ्याबरोबर एक मुलगा आहे तो समाजकार्य शिकलेला आहे आणि हिशेब इथे शिकला, तोही उत्तम करतो. संस्थांतच काम करायला हवं असं नाही, दोनापावलाला समुद्रविज्ञानाची एनआयओ आहे, ताळगावला विद्यापीठ आहे, जुन्या गोव्याला शेती संशोधनाची संस्था आहे, संशोधनाचे प्रोजेक्ट जिथे आहेत तिथे हीच कामं असतात, तिथे मशिनरी, कन्झ्युमेबल्स, फेलोशिप असे हेड असतात आणि मंजुरीपत्र तितकंच जाड असतं. अमेरिकेच्या संस्थांबरोबर काम करायचं असेल तर तिथली सीजीएमएस नावाची परीक्षा आहे, ती नंतर बघ. इंग्रजी पत्र नीट वाचता आलं पाहिजे, आणि त्यातली अट साध्या मराठीत, कोंकणीत सांगता आली पाहिजे, हे दुसरं जास्त कठीण आहे.

बांधाचं पुढे काय झालं ते सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही परत प्रपोजल केलं, त्याच कंपनीला, आणि यावेळी मी पहिल्या मीटिंगला होते. कामाच्या वेळापत्रकात मी तारखेच्या शेजारी एक रकाना तिथीचा टाकला. कंपनीच्या मुलीने फोन करून विचारलं की मॅम, हे अष्टमी म्हणजे काही धार्मिक कार्यक्रम आहे का, तो सीएसआरमध्ये चालणार नाही. मी तिला भांग आणि उधाण समजावून सांगितलं, अर्धा तास, आणि तिने ते तिच्या नोटमध्ये लिहून बोर्डापुढे ठेवलं. ऑनगोइंग म्हणून मंजूर झालं. भगदाड बुजलं, मानस नवी बसली, दोन पावसाळे टिकली. मीठ अजून पूर्ण गेलेलं नाही, पण गेल्या वर्षी अर्ध्या खाजनात कोरगुट झालं, काकांनी मला दोन किलो उकडे तांदूळ पिशवीत घालून दिले. त्याची पेज केली घरी.

आता पलीकडच्या बाजूचा बांध घेतलाय. हजेरीपट माझ्याकडे असतो, मजुरांच्या सह्या आणि आंगठे मी तिथेच बांधावर घेते, ऑफिसात बोलवत नाही, कागदावर चिखलाचे डाग पडतात आणि यंदाच्या ऑडिटरने त्याबद्दल विचारलं तेव्हा मी त्याला फोटो दाखवले.

उद्या अष्टमी आहे. पहिल्या फेरीबोटीने पलीकडे चोडणला जायचंय, मस्टर आणि स्टॅम्प पॅड आत्ताच पिशवीत भरून ठेवते. तुला यायचं असेल तर साडेसहाला रायबंदरच्या धक्क्यावर ये, जुन्या चपला घालून ये.